कर्जतला गाडी का थांबते

कर्जत म्हटलं की लोकांना बटाटवडा आठवतो. आम्हा कर्जतकरांना मात्र लहानपणापासून ठाऊक असायचं की पुण्याकडची गाडी इथे थांबते ती बँकरसाठी, म्हणजे घाट चढताना मागून रेटणाऱ्या इंजिनांसाठी. शेजारचे काका बँकरवर ड्रायव्हर होते. रात्री-अपरात्री डबा घेऊन निघायचे, गाडीला लोणावळ्यापर्यंत मागून रेटून परत यायचे.

कर्जत सोडून पळसदरी गाठली की बोरघाट सुरू होतो. चढ १:३७, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोटारीला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. आगगाडीला हा चढ फार आहे. मी एकदा काकांना विचारलं, सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? ते म्हणाले, "अरे, सगळा ताण पुढच्या कपलिंगवर येईल. आणि ते तुटलं, तर मागचे डबे धरणार कोण?"

पुण्याला कॉलेजात जायला लागलो तेव्हा त्यांनी बजावलं होतं, एकदा शेवटच्या डब्यात बस. बसलो. मागून बारीकसा धक्का बसला, बँकर लागले. पुढच्या इंजिनाने भोंगा दिला, मागून उत्तर आलं आणि गाडी हलली. एरवी गाडी आपल्याला ओढून नेते. इथे पाठीला हात लावून कुणी चढवत न्यावं तसं वाटलं. बोगद्यात तर मागच्या इंजिनांची घरघर थेट अंगात शिरत होती. लोणावळ्याला ती सुटली. डब्यातल्या कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

हा घाट होण्याआधी, १८५६ साली, रेल्वे पळसदरीवरून खोपोलीला जाऊन थांबली होती. तिथून पालखी किंवा तट्टू करून खंडाळा चढायचा आणि वर, १८५८ पासून, पुण्याची गाडी धरायची. आज लोकल धावते ती खोपोलीची फाट्याची लाइन घाटाहून जुनी आहे, हे रोज तिने येणाऱ्यांनाही माहीत नसतं.

घाटाचं काम १८६३ साली पुरं झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट अंगावर घेऊन ते तडीस नेलं. पटकी, ताप आणि सुरुंगांनी मजूर हजारोंनी मेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. माझ्या मते हा घाट आधी त्यांचा आहे, मग इंजिनिअरांचा.

अलीकडे काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन असतं, त्यांना बँकर लागत नाहीत. बाकीच्यांना अजून लागतात. पुण्याला निघालात आणि जमलं, तर एकदा शेवटच्या डब्यात बसा.