फोनोग्राफचे दात

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून जुन्याच एस.टी.त बसलेली) पारखी माणसांना तोटा नाही. काष्टीच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून ‘हा सहादाती नव्हं, जुळलेला हाये’ असं सांगणारे महाभाग आहेत. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे पाणाडी तर गावोगाव. फोनोग्राफचा पारखी तेवढा नव्हता. दोन इंग्रजी पुस्तकं वाचल्याच्या भांडवलावर ती जागा मला मिळाली.

श्रीगोंद्याच्या मामांनी मुंबईहून यंत्र आणलं. भाचा आत बसावा एवढा पितळी कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र, बाजूला नाणं टाकायची फट आणि तिच्यावर ‘वन आणा’ अशी पट्टी.

“अठराशे नव्वदचा फोनोग्राफ! आणा टाकला की वाजायचा,” मामा म्हणाले.

“आणा नाही, चाळीस हजार टाकलेत,” आतून मामी. “बोअरचे.”

दुकानदारानं आठ दिवसांत परत घ्यायचं कबूल केलं होतं. सहा संपले होते. मामी माझ्याकडे न्यायाधीशाकडे बघावं तशा बघत होत्या, आणि मामा दहावीच्या निकालाला आल्यासारखे.

मी आधी दात पाहिले. यंत्राचे दात म्हणजे स्क्रू. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असते. फुलीची खाच आली १९३०नंतर. इथं तीन फुल्या निघाल्या. मग कर्णा. लुई ग्लास नावाच्या गृहस्थानं २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात नाणं टाकून वाजणारा पहिला फोनोग्राफ बसवला. त्याला कर्णा नव्हताच. कानाला लावायच्या चार नळ्या होत्या. शिवाय तो वाजवायचा मेणाची नळकांडी. मामांचा वाजवत होता तबकड्या. म्हणजे तो फोनोग्राफ नव्हे, ग्रामोफोन. आणि एक आण्याचं निकेलचं नाणं आपल्याकडे चालू झालं १९०७ साली. नव्वद सालच्या गिऱ्हाइकानं त्या फटीत काय टाकलं असतं?

मी पट्टीखालून रुपया टाकला. खऱ्या यंत्रात नाण्याच्या वजनानं आतली कळ दबते. हा रुपया सरळ खालच्या खणात जाऊन पडला. यंत्राला पत्ताही नाही.

“आणि कुत्रा?” मामांचा शेवटचा साक्षीदार.

“निपर नव्वद साली जिवंत होता मामा, पण चित्रात शिरला नव्हता. चित्रकार बरॉनं तो मेल्यावर त्याचं चित्र काढलं, तेही फोनोग्राफसमोर. कंपनीच्या सांगण्यावरून १८९९ मध्ये त्यानं फोनोग्राफवर रंग फासून ग्रामोफोन काढला.”

मामा उजळले. “म्हंजे मूळ चित्रातबी माल बदललेलाच की!”

याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

असे नव्या कर्ण्याचे जोडप्रकार आपल्याकडून परदेशी पुष्कळ गेले. तिथले संग्राहक त्यांना ‘क्रॅपोफोन’ म्हणतात. त्यातल्या ‘क्रॅप’चा अर्थ मी मामींना सांगितला नाही.

“मग यात खरं काय?” मामांनी हळूच विचारलं.

“चावीची मोटर आणि साउंडबॉक्स. कुठल्यातरी जुन्या पेटीचे आहेत, पण अस्सल.”

मामांनी वडिलांच्या ट्रंकेतली नाट्यगीताची तबकडी काढली, चावी दिली, सुई टेकवली. खरखर झाली, मग कर्ण्यातून एक बारीक, लांबचा आवाज आला. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. गाणं मध्येच रेंगाळायला लागलं.

“परत तर करायचंच,” त्या म्हणाल्या, “पण दोन दिवस हाईत अजून,” आणि चावी द्यायला पुढे झाल्या.