योकुळ_फायनल_व्ही७

शनिवार सकाळ. आठवडाभराचे कपडे मशीनमध्ये फिरतायत, गॅसवर चहा उकळतोय आणि समोर एक शीट उघडी आहे. नाव 'योकुळ_फायनल_व्ही७'. ज्यांनी सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार वर्षं काढलीयेत त्यांना सांगायला नकोच, 'फायनल' नावाच्या फाईलचं सातवं व्हर्जन निघालं की ते प्रकरण किती फायनल असतं ते.

योकुळ म्हणजे योकुल्सार्लोन. आइसलँडच्या आग्नेय किनाऱ्यावरचं, हिमनगांनी भरलेलं एक तळं. तिथल्या भाषेत योकुल म्हणजे हिमनदी, आ म्हणजे नदी आणि लोन म्हणजे खाजण. हिमनदीच्या नदीचं खाजण. एवढं कळायला आम्हाला जवळजवळ दहा वर्षं लागली, कारण तोपर्यंत आम्ही त्याला नुसतं योकुळच म्हणत होतो. गोकुळसारखं.

सुरुवात झाली २०१५च्या नोव्हेंबरात. फर्स्ट इयर, हॉस्टेल, चौघांत एक लॅपटॉप, आणि 'दिलवाले'मधलं 'गेरुआ' नुकतंच आलेलं. शाहरुख, काजोल, काळी वाळू, पडकं विमान आणि मागे निळा बर्फ. मास्तर म्हणाला (मास्तर म्हणजे आमचा मेकॅनिकलवाला, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या मजल्याला शिकवायचा), "हे सगळं व्हीएफएक्स आहे. बर्फ निळा नसतो." जाड्या म्हणाला, असतो. पैज लागली, मेसच्या रविवारच्या फीस्टवर. जाड्याने रात्री दोन वाजेपर्यंत शोधून काढलं की जागा खरी आहे आणि बर्फ निळाच असतो. शेकडो वर्षं दाबून दाबून त्यातली हवा निघून जाते आणि मग तो उजेडातला लाल भाग शोषून घेतो. शिवाय २००२ च्या जेम्स बाँडपटातली बर्फावरची गाड्यांची पळापळही इथलीच, त्यासाठी तळ्याचं तोंड बंद करून, समुद्राचं पाणी अडवून ते गोठू दिलं होतं, हेही त्यानेच आणलं. मास्तरची गुलाबजामची वाटी गेली. आणि त्याच रात्री ठरलं की नोकरी लागली की चौघांनी तिथे जायचं. मी, मास्तर, जाड्या आणि कोल्हापूरचा दादा.

(जाड्या अर्थातच काडीसारखा आहे. हॉस्टेलचा नियमच तसा.)

नोकरी लागली २०१९ला. मग करोना, मग दादाचं लग्न, मग मास्तरचं ऑनसाईट, मग कोणाचा फ्लॅट, कोणाचं बाळ... पण या जानेवारीत दादाने ग्रुपवर टाकलं, "भावांनो, तिशीच्या आत जायचं का वृद्धाश्रमातनं?" आणि मी शीट बनवली. चौघांत मीच असा माणूस आहे ज्याला कलर कोडिंग केल्याशिवाय झोप येत नाही.

आता प्लॅनिंगबद्दल थोडं, कारण खरी मजा त्यात होती. रेक्याविकपासून हे तळं पावणेचारशे किलोमीटर. आइसलँडमध्ये रेल्वे नाही. बेटाला वळसा घालणारा एकच मोठा रस्ता, रिंग रोड, आणि तोसुद्धा १९७४ मध्ये पूर्ण झाला, कारण दक्षिणेकडच्या वाळवंटात हिमनद्यांच्या नद्या सतत पात्र बदलत राहायच्या आणि पूल टिकवणं अवघड होतं. १९९६ मध्ये बर्फाखाली ज्वालामुखी फुटला आणि आलेल्या पुराने तिथले पूल मोडले, त्यातले वाकडेतिकडे गर्डर अजून रस्त्याकडेला आठवण म्हणून ठेवलेत. तळ्याच्या तोंडावरचा १९६७चा झुलता पूल एकाच गाडीपुरता. जो आधी पोचेल तो आधी. पुण्यात असा पूल बांधला तर काय होईल याची कल्पना करून बघा.

भाड्याच्या गाडीचा वेगळा अध्याय. तिथे वाळू आणि राखेचा वेगळा इन्शुरन्स असतो, कारण वाऱ्याबरोबर उडालेली वाळू गाडीचा रंग सोलून काढते. आणि वाऱ्याने दार उलटं फिरून तुटणं हा इतका नेहमीचा प्रकार आहे की 'दार हातात धरून उघडा' ही सूचना आम्हाला प्रत्येक साईटवर दिसली. मी शीटमध्ये 'दार' नावाची रो केली. मास्तरने त्यात लिहिलं, "दार उघड बये."

भांडण झालं ते महिन्यावरून. जूनमध्ये रात्रच होत नाही, बोटी चालू असतात, पण नॉर्दर्न लाईट्स दिसणार नाहीत. हिवाळ्यात लाईट्स आणि बर्फाच्या गुहा, पण दिवस चार-पाच तासांचा आणि बोटी बंद. उन्हाळ्यातही गुहा दाखवणारे होते, पण ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला. ते वाचून दादाच्या बायकोने गुहा हा शब्दच रद्द केला. शेवटी सप्टेंबर ठरला. बोटी चालू, रात्र पुरेशी काळोखी. मग बोट कोणती? एक मोठी, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी, मूळची अमेरिकन सैन्यासाठी बनलेली. दुसरी रबराची छोटी, हिमनदीच्या कड्याच्या बऱ्याच जवळ नेणारी आणि अर्थातच महाग. इथे जाड्या हटून बसला. "दहा वर्षं थांबलोय, छोटीच घ्यायची."

माणशी दोन लाख पस्तीस हजार. दशम्या, मेतकूट आणि कपातले नूडल्स धरून.

मे महिन्यात व्हिसाची कागदपत्रं गोळा करायला घेतली. प्रत्येकाच्या नावापुढे कॉलम: पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिपा, कंपनीचं रजेचं पत्र. दिलं की सेल हिरवा, नाही दिलं की लाल. पंधरा दिवसांत सगळं हिरवं झालं, जाड्याच्या शेवटच्या दोन सेल सोडून. मी ग्रुपवर टोचायला सुरुवात केली. "जाड्या, लाल दिसतंय." "जाड्या, एचआरच्या पाया पडू का?" एकदा तर त्या दोन सेलचा स्क्रीनशॉट काढून त्यावर टोमॅटोची चित्रं टाकली. तो हसणारे चेहरे टाकायचा. "देतो रे, रिलीज आहे."

गेल्या शुक्रवारी रात्री, दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी, मी शीटची व्हर्जन हिस्टरी उघडली. जाड्याचं नाव सात-आठ ठिकाणी होतं. रात्री ३:१०. रात्री २:४७. पहाटे ४. कागदपत्रांना त्याने हातच लावला नव्हता. खर्चाच्या कॉलममध्ये त्याने स्वतःचे आकडे बदलून पाहिले होते. छोटी बोट काढून मोठी. मग तीही शून्य. राहण्याचे पैसे अर्धे. मग सगळं परत होतं तसं.

मी रोज प्रॉडक्शनचे लॉग वाचून पगार घेतो. एवढं वाचता यायला मला महिना लागला.

सकाळी फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "कधीपासून?"

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "एप्रिल."

तीनशे जणांत त्याचंही नाव होतं. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. लातूरला घरी सांगितलेलं नाही. बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि एका लायब्ररीत बसून इंटरव्ह्यू देतो, कारण फ्लॅटच्या मालकाच्या आईला लातूरची ओळख निघालीये.

"सांगितलं का नाहीस?"

"तू टोमॅटो टाकत होतास ना."

हे तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

"तुम्ही जाऊन या रे," तो पुढे म्हणाला, "तळं कुठं पळून जातंय."

खरं तर हे तळं मुळात नव्हतंच. १९३५च्या सुमारास हिमनदी मागे सरकायला लागली आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी साचत गेलं. माझे आजोबा तेव्हा शाळेत होते. आता ते अडीचशे मीटर खोल आहे, आइसलँडमधलं सगळ्यात खोल. म्हणजे तळं पळत नाही, उलट दर वर्षी वाढतंय. पळतेय ती हिमनदी. जाड्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यामुळे मी काही बोललो नाही.

शनिवारी रात्री तिघांचा कॉल झाला. (जाड्याला विचारून. "सांग त्यांना, मला सांगायला नको वाटतं," असं म्हणाला.) मास्तर म्हणाला, त्याचे पैसे आपण भरू. दादा म्हणाला, "तुझे कोणी भरले असते तर तू गेला असतास?" शिवाय सॅलरी स्लिपचं काय? दोन तास वाद. आपण तिघं जाऊन आलो तर, हाही मुद्दा निघाला, मीच काढला, खोटं का बोला. दोन वर्षांनी एकत्र मिळालेली रजा होती. मॅनेजरला पटवायला मी गणपतीसुद्धा सोडले होते. दोघांपैकी कोणी मला नाही म्हणालं नाही. कोणी हो पण म्हणालं नाही.

गेस्टहाऊस फुकटात कॅन्सल करायची मुदत रविवारी रात्री बारापर्यंत होती. साडेअकराला केलं. तळ्याजवळच्या एका ठिकाणचे पैसे परत मिळणार नाहीयेत, माणशी नऊ हजार. विमानाची तिकिटं काढायची होती, ती सुदैवाने माझ्या आळसामुळे राहिली होती.

मग मी शीटमधला लाल रंग काढून टाकला. सगळ्यांचाच, हिरवासुद्धा. आता ती नुसती पांढरी शीट आहे, जरा विचित्र दिसते.

आज सकाळी उघडली तर सप्टेंबरच्या जागी कोणीतरी 'पुढचा सप्टेंबर' लिहिलंय. हिस्टरीत पाहिलं नाही. पण खाली बोटीच्या रोमध्ये कोणीतरी 'छोटी' हा शब्द बोल्ड केलाय, आणि तो कोणी केला ते मला न बघता माहितीये.

चहा उतू गेला. आलोच.