निमंत्रण एकास, पोहोचले दुसऱ्यास

घरी आलेले पत्र कोणी फोडावे, याविषयी आपल्या एकत्र कुटुंबांत पूर्वी फारसा काटेकोरपणा नसे. वडिलांच्या नावचे पाकीट काका फोडीत, कारण व्यवहार ते पाहत. त्यात कोणास वावगे वाटत नसे. कचेरीचा पत्रव्यवहार मात्र ज्याच्या नावे असेल त्यासच मिळतो, अशी आपली समजूत असते. ती किती कच्ची आहे, हे आमच्या कचेरीतील एका प्रकरणाने दाखवून दिले.

एका खात्यातील चार जागा कमी करावयाच्या होत्या आणि त्यासाठी तीन वरिष्ठांची बैठक ठरली होती. निमंत्रण ईमेलने धाडण्याचे काम एका तरुण मुलीकडे होते. तिने ते सकाळी धाडले. आणि दुपारच्या चहापूर्वीच त्याच खात्यातील एका गृहस्थांच्या पडद्यावर ते, जोडलेल्या यादीसकट, येऊन पडले. सायंकाळपर्यंत सारे खाते हवालदिल झाले. त्या चार घरांत रात्री काय झाले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. बोट अर्थातच त्या मुलीकडे गेले व तिच्याकडून लेखी खुलासा मागविण्यात आला.

संगणकांची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे ती माझ्याकडे आली. "सर, तुम्हीच पाहा," ती म्हणाली, "मी तीनच नावे घातली आहेत."

अशा वेळी पहिला संशय घ्यावयाचा तो नावे सुचविणाऱ्या सोयीचा. आउटलुकमध्ये दोन अक्षरे टंकली की पूर्वी वापरलेले पत्ते आपोआप पुढे येतात, आणि घाईत एका जोशांऐवजी दुसरेच जोशी निवडले जातात. दुसरा संशय गटाचा. एकच म्हणून घातलेला पत्ता वास्तविक चाळीस माणसांचा निघतो. तिसरा, निमंत्रिताने स्वतःच ते पुढे धाडल्याचा. येथे यांपैकी काहीच नव्हते. धाडलेल्या प्रतीत तीनच नावे होती, तीही व्यक्तींची. आणि कोणी निमंत्रण पुढे धाडल्यास धाडणारास जी सूचना येते, ती आलेली नव्हती.

उलगडा झाला तो त्या गृहस्थांच्या प्रतीवरून. त्यांनी ती आपण होऊन दाखविली, हा त्यांचा सज्जनपणा. प्रतीच्या माथ्यावर एक बारीक ओळ होती, सहसा कोणी न वाचणारी: हे निमंत्रण अमुक साहेबांच्या वतीने मिळाले आहे. हे साहेब त्या तिघांपैकीच एक. आणि हे गृहस्थ पूर्वी त्यांचे सहायक होते. त्या काळी साहेबांनी त्यांस आपले 'डेलिगेट', म्हणजे एका अर्थी मुखत्यार, नेमले होते. अशा मुखत्यारास, तशी खूण केलेली असल्यास, मालकाच्या नावे येणाऱ्या प्रत्येक बैठकीच्या निमंत्रणाची प्रत सर्व्हरच परस्पर धाडतो. सहायकाची बदली झाली, मुखत्यारी राहून गेली. इतकी वर्षे साहेबांची निमंत्रणे त्यांच्याकडे जात होती. ती कंटाळवाणी असल्यामुळे ते न वाचताच काढून टाकीत.

यातील खरी अडचण अशी की धाडणाराच्या बाजूने यातले काहीच दिसत नाही. तो आपली यादी दहा वेळा तपासो, तीत तीनच नावे सापडणार. असा मुखत्यार नोकरी सोडून गेला व त्याचे खाते बंद झाले, तर ज्यास आपण कधी बोलाविलेच नाही त्याच्या नावाने पत्र न पोहोचल्याची पोच येते, आणि माणूस चक्रावून जातो. शोध घ्यावयाचा तो निमंत्रितांच्या पेट्यांत, एकेकाच्या.

साहेबांनी आपल्या यादीतून ते नाव काढले. आम्ही चाचणीचे एक निमंत्रण धाडले. तरीही ते त्या गृहस्थांकडे गेलेच! नाव गेले तरी त्यामागचा नियम कधीकधी पेटीत दडून राहतो आणि नियमांच्या नेहमीच्या यादीत तो दिसत नाही. त्यासाठी एमएफसीमॅपी नावाचे साधन घेऊन पेटीच्या तळाशी उतरावे लागते. तेथे तो सापडला. त्याच्या नावात 'शेड्यूल प्लस' हे शब्द होते. १९९० नंतरच्या दशकातील हा मायक्रोसॉफ्टचा दिनदर्शिकेचा कार्यक्रम. तो केव्हाच इतिहासजमा झाला, पण त्याचे नाव असे खाली जिवंत आहे. मला त्याची मोठी गंमत वाटली. त्या मुलीला वाटली नाही, आणि ते योग्यच होते.

नियम काढल्यावर दुसरी चाचणी केली. निमंत्रण तिघांसच पोहोचले. मी सर्व हकीकत लिहून वर दिली. मुलीकडून मागविलेला खुलासा परत घेण्यास त्यानंतर नऊ दिवस लागले. साहेबांकडे खुलासा कोणी मागितला नाही.