बावटा उतरेपर्यंत

महाराष्ट्रात दिवाळी उलटली की पावसाचा विषय संपतो. वहीपूजन होते, दुकानातील गर्दी ओसरते आणि व्यापारी घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. अंदमानात मात्र त्याच सुमारास पावसाचे दुसरे पर्व चालू असते. मे महिन्यात आलेले नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी वळतात न वळतात तोच ईशान्येचे वारे सुरू होतात. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा मुख्य काळ. घरच्या पंचांगावर विसंबून निघालेल्या प्रवाशाला हे ठाऊक नसते.

या द्वीपसमूहातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पोर्ट ब्लेअरचेही नाव आता श्रीविजयपुरम झाले आहे. पाठीवर एक सॅक, पायांत चपला आणि मोजका पैसा एवढ्यावर हिंडणाऱ्या तरुणांचे हे आवडते बेट. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांनी ते वसवले. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी गावांची नावे. किनाऱ्यांना मात्र लोक तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर असेच म्हणतात. नारळी-पोफळीच्या सावलीतील झोपडीवजा खोली, भाड्याची दुचाकी आणि राधानगरचा सूर्यास्त एवढ्यात दिवस भरून जातो.

मात्र या बेटावर विमानतळ नाही. हेलिकॉप्टरमध्ये आसने थोडी, आणि त्यांवर पहिला हक्क रुग्णांचा व बेटवासीयांचा. बाकी सर्वांची ये-जा बोटीने. बोट थांबली की बेट जगापासून तुटते.

डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात हेच घडले. जवळच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, मुसळधार पाऊस व सोसाट्याचा वारा सुरू झाला आणि बोटी बंद पडल्या. हॅवलॉक व नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. ७ डिसेंबरला नौदलाची जहाजे त्यांना आणण्यास निघाली. परंतु समुद्र इतका खवळलेला होता की त्यांना बेटाबाहेरच थांबावे लागले. ९ तारखेला हवामान निवळू लागले, तेव्हा कोठे सुटका सुरू झाली. तेच वादळ पुढे ‘वरदा’ या नावाने १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळले आणि तेथील विमानतळही बंद ठेवावा लागला. नोटाबंदी होऊन तेव्हा जेमतेम चार आठवडे झाले होते. रोख पैसा साऱ्या देशातच दुर्मिळ होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो पैशाने वाट काढण्याचा. परतीचे विमान चुकणार, तिकिटाचे पैसे बुडणार, दुकान उघडायचे राहणार. मग एखाद्या कोळ्याला चार पैसे जास्त देऊन त्याच्या डोंगीतून का जाऊ नये? याचे उत्तर समुद्राने अनेकदा दिले आहे. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेहून अधिक प्रवासी भरलेली पर्यटकांची बोट बुडाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी वादळही नव्हते. मग खवळलेल्या समुद्रात छोट्या होडीचा काय पाड? कोकणच्या बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की होड्या किनारा सोडत नाहीत. देशातील सर्व बंदरांना हवामान खात्याचे हेच इशारे लागू असतात. बोट सोडण्यास नकार देणारा अधिकारी प्रवाशाचा वैरी नव्हे, रखवालदार आहे.

बेटावरील बराचसा किराणा चेन्नई व कोलकात्याहून सुमारे बाराशे किलोमीटरचा समुद्र ओलांडून येतो. जहाज थांबले की दुकानात नवा माल येत नाही, आणि दुकानदाराची नीतीही कसाला लागते. प्रवाशानेही गरजेपुरतेच घ्यावे. साठा करू नये. शाकाहारी माणसाची तेथे उपासमार होत नाही: भात, डाळ, केळी, नारळ बेटावरही मिळतात. तरीही सॅकमध्ये खाखरे, भाजलेले चणे, राजगिऱ्याचे लाडू, नेहमीची औषधे आणि थोडी रोकड असावीच. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय झालेल्या पिढीने तर हे विशेष ध्यानात ठेवावे; वादळात वीज आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. जाणता व्यापारी सारे भांडवल मालात गुंतवत नाही. अडीअडचणीसाठी काही हाताशी राखतो. बेटाच्या प्रवासात हे राखीव भांडवल म्हणजे मोकळे दिवस. छोटी बेटे आधी पाहून घ्यावीत, शेवटचा मुक्काम श्रीविजयपुरमला ठेवावा आणि परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस रिकामे सोडावेत. वादळ आले नाही तर सेल्युलर जेल शांतपणे पाहता येते, तेव्हा ते दिवस वाया जात नाहीत. वादळ आलेच, तर त्याच दोन दिवसांच्या बळावर तरुण मुलगा घरी फोन करून निश्चिंतपणे सांगू शकतो, “आई, बोट बंद आहे. दोन दिवस उशिरा येईन.” आणि घरच्यांनीही त्याला घाई न करता एवढेच म्हणावे, “बावटा उतरल्यावरच निघ.”