कार्डांचा गठ्ठा

नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या नावाचं व्हिजिटिंग कार्ड मिरवावंसं वाटतं. पुढे इतरांच्या कार्डांचा गठ्ठा खणात साचतो आणि त्यांतले निम्मे चेहरे आठवत नाहीत. आता कार्डाची जागा फोनवरच्या क्यूआर कोडने घेतली; पण हॉटेलच्या हॉलमध्ये चहाचा कप सावरत अनोळखी घोळक्यात शिरायची अबोल माणसाची धास्ती वयानेही फारशी ओसरत नाही. जितक्या जास्त ओळखी तितका फायदा, हा या मेळाव्यांचा अलिखित नियम. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

एक तर तो बोलक्यांनाही पाळता येत नाही. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या पॉल इनग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी अशाच एका मेळाव्यात कोण कोणाशी बोलतं हे इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांनी टिपलं. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नव्या ओळखी करायच्या, असं लोकांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते जुन्या ओळखीच्यांकडेच वळत राहिले. तेव्हा कोपऱ्यात उभ्या माणसाने स्वतःला एकटं नापास ठरवायचं कारण नाही.

यावर कोणी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा दाखला देईल. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती; बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून, असं त्यांनी १९७३ च्या लेखात दाखवलं. म्हणजे विरळ ओळखीच कामाच्या, हे खरं. पण ही माणसं कोण होती? अनेकदा कॉलेजचे जुने मित्र, पूर्वीचे सहकारी, आधीचे साहेब. आधी एकत्र शिकणं किंवा काम झालेलं होतं, मग भेटी विरळ झाल्या होत्या. हस्तांदोलनापुरत्या ओळखीला ही किंमत नसते.

नव्या शहरात, नव्या क्षेत्रात आलेल्याकडे जुने सहकारी कुठून असणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याला मेळाव्याला जावंच लागेल. पण त्याने तिथे काम मागून घ्यावं: नोंदणीच्या टेबलावर बसावं, वक्त्यांची व्यवस्था पाहावी. हाती काम असलं की बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. दोन माणसांशी नीट बोलावं आणि दुसऱ्या दिवशी, झालेल्या बोलण्याचा धागा धरून, चार ओळी लिहाव्यात. ही पळवाट आहे, असं म्हणणाऱ्याने ती चिकाटीने वर्षभर करून पाहावी. ओळख करून घेण्यापेक्षा ती राखणं अवघड असतं, आणि ते काम अबोल माणसाला चांगलं जमू शकतं.