उत्तर मात्र भावाला

प्रश्न मी विचारला आणि उत्तर माझ्या भावाला मिळालं. एकदा नव्हे, त्या दुकानात उभी होते तेवढा सगळा वेळ. आता प्रोसेसर बसला, कॉम्प्युटर झकास चालतोय, तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

माझ्याकडे होता २०१७ सालचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, त्याच वर्षीचा बी३५० बोर्ड आणि नंतर टाकलेलं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. ऑफिसातून डोंबिवलीला पोचले, जेवणं उरकली की तासभर काउंटर-स्ट्राइक. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि धुरात चार जण एकत्र शिरले की गेम अडखळायला लागला. बोनसमधून उरलेले पंधरा हजार हाताशी होते.

जो तो म्हणे, ग्राफिक्स कार्ड बदल. मी आधी तपासून पाहिलं. रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डावरचा भार हलका झाला की फ्रेम वाढायला हव्यात ना? हलल्या नाहीत. कार्ड साठ टक्क्यांवर निवांत. म्हणजे घोडं प्रोसेसरपाशीच अडलेलं. ही तपासणी फुकट होते. ती केल्याशिवाय कोणी खिशात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवड फार अवघड नव्हती. १६०० मध्ये सहा कोअर आहेत, पण तीन-तीनच्या दोन गटांत, आणि प्रत्येक गटाची आठ एमबी एल३ कॅश वेगळी. इकडच्या कोअरला तिकडची माहिती हवी असली की वळसा पडतो. रायझन ५ ५६०० मध्येही कोअर सहाच, पण सगळे एका गटात आणि ३२ एमबी कॅश सामाईक. गेमला हेच लागतं. ५५०० स्वस्त, पण त्यात कॅश निम्मी. ९६ एमबीवाला ५७००एक्स३डी मोहात पाडत होता, पण तो बजेटबाहेर, आणि माझ्या कार्डाला एवढा प्रोसेसर जोडून उपयोगही नव्हता. मग ५६००. बोर्ड तोच, रॅम तीच.

धाकट्या भावाला घेऊन निघाले. तो बी.कॉम.ला आहे. कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. ग्रँट रोडला उतरल्यावर काहीतरी खायला मिळेल, एवढ्याच आशेवर आला होता.

"रायझन पाच छप्पन्नशे आहे का? बॉक्समधला?" मी विचारलं.

दुकानातल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादा, बोर्ड कुठलाय?"

"बी३५०," मी म्हटलं.

"दादा, त्याच्यावर नाही चालत हा. बोर्ड बदलायला लागेल. मग रॅमपण डीडीआर५ घ्या. चाळीसच्या आत सगळा सेट बसवून देतो."

मी म्हटलं, बायॉस अपडेट केलं की चालतो. "मॅडम, आम्ही रोज बसवतो हो." आणि लगेच भावाला, "दादा, तुम्हीच समजवा यांना." भाऊ बिचारा छताच्या पंख्याकडे बघत होता. मी बोर्डच्या कंपनीची यादी फोनवर काढून काउंटरवर ठेवली. प्रोसेसरचं नाव, पुढे कुठली बायॉस आवृत्ती लागेल तेही. त्याने फोन उचलला आणि भावाच्या हातात दिला. फोन माझा होता!

मग आतून ५६००जी आला. "हा घ्या दादा. जी म्हणजे गेमिंग." जी म्हणजे आत ग्राफिक्स असलेला. वेगळं कार्ड ज्याच्याकडे आहे त्याला त्याचा काय उपयोग? उलट त्यातली कॅशही निम्मीच. हे मी सांगितलं तेव्हा बाजूचं गिऱ्हाईक हसलं. कोणाला हसलं, ते अजून कळलेलं नाही.

अखेर ५६०० मिळाला. शेजारी हजार रुपये जास्त सांगत होते, म्हणून घेतला तिथूनच. तत्त्व वगैरे पुढच्या पगाराला. पैसे मी भरले. "दादा, बिल कोणाच्या नावाने?" आणि आमच्या दादाने सवयीने स्वतःचं नाव सांगून टाकलं. तीन वर्षांची वॉरंटी आता त्याच्या नावावर आहे. दादर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि खरं सांगायचं तर तो दुकानदार निव्वळ खोटं बोलत नव्हता. २०२० च्या मे महिन्यात रायझन बनवणाऱ्या एएमडीनेच जाहीर केलं होतं की पुढचे रायझन जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण दिलं बायॉसच्या १६ एमबी चिपचं, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नाही म्हणे. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्याच महिन्यात ४०० मालिकेच्या बोर्डांना सूट मिळाली. आमच्या ३०० मालिकेला २०२२ पर्यंत ताटकळावं लागलं. एकदा पाठ झालेलं उत्तर माणूस कशाला बदलेल, तेही ज्यात चाळीस हजारांचा सेट खपतो? हे सगळं त्याने मला सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. मला सांगितलं असतं तर.

बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बायॉस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलायचं, आणि ते चालू असताना वीज जाता कामा नये, नाहीतर बोर्ड गेला. मी इन्व्हर्टरवर केलं. दुसरं, कूलर सरळ वर ओढायचा नाही. पेस्ट वाळलेली असते, आणि या बोर्डांच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन जरा तापवायचं, बंद करायचं, मग कूलर हलक्या हाताने पिळत सोडवायचा.

धुरातलं अडखळणं थांबलं. १६०० बरोबर २६६६ च्या पुढे न जाणारी रॅम पहिल्यांदा पूर्ण ३००० वर टिकली. 'सायबरपंक २०७७' मध्ये मात्र काडीचा फरक नाही, तिथे कार्ड आधीपासूनच ९९ टक्क्यांवर धापा टाकत होतं. म्हणजे कार्ड बदल म्हणणारेही अगदीच वेडे नव्हते.

जुना १६०० विकायला काढला, फोटो टाकला, किंमत तीन हजार. पहिलाच मेसेज आला, "सर, लास्ट प्राइस?" मी सर होऊनच घासाघीस केली आणि अडीच हजारांना दिला.