ताप, आकडा आणि आजी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई पुण्याहून आमच्याकडे क्लेमेंटीला राहायला आली होती. एका शनिवारी दुपारी आमच्या पाच वर्षांच्या लेकीला अचानक ३९.५ ताप भरला, म्हणजे आईच्या हिशेबाने १०३. सर्दी नाही, खोकला नाही. त्यात ब्लॉकच्या लिफ्टपाशी डेंग्यूचा लाल फलक, म्हणजे परिसरात १० किंवा त्याहून जास्त रुग्ण!

आईने लगेच बॅगेतून अँटिबायोटिकची बाटली काढली. ‘‘दे एक डोस, उद्या खडखडीत बरी होईल.’’ मी तिला व्याख्यानच दिलं : मुलांचे बहुतेक ताप व्हायरसचे असतात, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उगाच दिलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ती एवढंच म्हणाली, ‘‘बरं बाबा. पण सकाळपासून पोर शू करताना कळवळतेय.’’ मी ते कानाआड केलं.

क्लिनिकमध्ये डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली. मग बोट टोचून सीआरपी तपासलं. आकडा आला ९. मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘‘म्हणजे व्हायरलच!’’ डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘‘ताप किती वेळापासून आहे?’’ ‘‘तीन-चार तास.’’ ‘‘मग हा आकडा आज काहीच सांगत नाही. उद्या परत आणा, त्याआधी काही बिघडलं तर थेट हॉस्पिटल गाठा.’’

सीआरपी हे आपल्या यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. बॅक्टेरियाच्या संसर्गात ते सहसा खूप वाढतं, व्हायरसच्या बेताचंच. पण वाढायला त्याला बारा-एक तास तरी लागतात. प्रोकॅल्सिटोनिन नावाचा दुसरा घटक चार-सहा तासांत वाढू लागतो. त्याचा बॅक्टेरियाशी असलेला संबंध १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवला. दोन्हींनाही अपवाद आहेतच. अॅडिनोव्हायरससारखा व्हायरससुद्धा सीआरपी चांगलंच वर नेतो.

आयुष्यभर कॉम्प्युटरचे लॉग वाचणाऱ्या मला नोंदीची वेळ आधी बघायची असते हे कळायला हवं होतं!

ती रात्र आम्ही दर तासाला कपाळाला हात लावत काढली. दुसऱ्या दिवशी आकडा ९६. आता मात्र आईचं बोलणं आठवलं आणि मी ओशाळून डॉक्टरांना सांगितलं. लघवी तपासली, त्यात संसर्ग निघाला. नमुना कल्चरला पाठवून त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलं.

‘‘आधी घरी काही दिलं नाहीत ना?’’ त्यांनी विचारलं. ‘‘नाही.’’ ‘‘छान. नाहीतर कल्चरमध्ये कदाचित जंतू सापडलेच नसते, आणि कुठलं औषध लागू पडेल तेही कळलं नसतं.’’

म्हणजे बाटली न उघडण्यात माझं बरोबर होतं, आणि पोरीकडे बघण्यात आईचं. मी बघत होतो फक्त आकड्याकडे. उपचार लांबले असते तर संसर्गाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकली असती, हे नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला.

लेक आठवड्यात उड्या मारू लागली. पुण्याला परतताना आई ती बाटली घेऊन गेली. म्हणाली, ‘‘आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही देणार कुणाला.’’

तेव्हापासून घरात कुणालाही ताप आला की मी वहीत दोन गोष्टी लिहितो : ताप कधी चढला, आणि आजी फोनवर काय म्हणाली!